भाव

टोलेडोच्या मोटेलात अहवाल लिहीत बसलोय.
ब्रॅन्सन टिडवेल. सगळ्यांच्या यादीत तिसरा.
उडी अशी, की छताला घाम फुटावा.
पण चेंडू हातून गेला
की हा कमरेवर हात ठेवून उभा.
मी लिहितो : भाव फार चढलाय.

ओसेई क्वार्टेंग, कोलंबसचा. एकावन्नावा.
बुटका, म्हणतात.
चुकलेला नेम कुठे आपटून कुठे येणार
हे रिंगच्या आधी याला कळतं,
आणि पडलेल्याला उठवायला
रोज हाच पहिला.
मी लिहितो : घ्या. खाली दोन रेघा.

हीटर दुरुस्त करायला आलेला माणूस
दारातून वाकून आत येतो.
"ओळखलंत? बारा वर्षं झाली.
तुम्ही मला पहिल्या नंबरावर लिहिलं होतं."

मी पेनाचं टोपण शोधत राहतो.
स्क्रू पिळता पिळता तो विचारतो,
"यंदा कोण?"