पिवळी पट्टी

मी घरून चौदा रुमाल आणले होते, इस्त्री करून.
वाटलं होतं, मुलांचे डोळे बांधू,
दहा मिनिटं वर्गात चालवू,
म्हणजे कळेल.

मुझेय्येन हानम दारातच थांबल्या.
बोटांनी एक रुमाल चाचपला,
घडी मोडली, पुन्हा घातली.
"स्वच्छ धुतलेत," म्हणाल्या. "आता कपाटात ठेवा.
दहा मिनिटांच्या अंधारात मुलं नुसती घाबरतात.
माझा अंधार एकोणपन्नास वर्षांचा आहे,
त्यात मी भांडी घासते, भांडते,
ताव्लाच्या डावात शेजाऱ्याला हरवते.
मला अडतं ते बाहेर. चला, दाखवते."

त्राब्झोनचा उतार. समुद्रावरून खारा गारठा.
फुटपाथच्या मधोमध पिवळी पट्टी:
उभ्या रेघा म्हणजे चालत राहा,
गोल टिकल्या म्हणजे थांब, पुढे रस्ता.
मुलांनी बूट काढले. कुणी सांगितलं नव्हतं.
मोज्यांतून वाचू लागली,
नवं अक्षर शिकताना ओठ हलतात तसे
त्यांचे अंगठे हलत होते.
अकरा वर्षं मी याच रस्त्याने शाळेत येते.
मला ती नक्षी वाटायची.

प्रत्येकाच्या हाती एक खडू.
जिथे वाट अडेल तिथे गोल काढायचा.
बँकेची फुलकुंडी. गोल.
चहावाल्याची तीन स्टुलं, त्यांवर तीन म्हातारे:
मुलं वाकली तेव्हा त्यांनी पाय वर घेतले,
मग हसले, मग उठले.
औषधाच्या दुकानाला दारातच दोन पायऱ्या.
"ह्या तुम्हाला चालतात ना?" ग्युल्फेमने विचारलं.
"मला चालतात. तुझ्या आजोबांच्या चाकांना?"
ग्युल्फेमने दोनदा गोल काढला,
दुसरा इतक्या जोरात की खडू मोडला.

आणि मासळीबाजाराच्या वळणावर
पट्टी सरळ एका हातगाडीखाली शिरली.
निळी गाडी, बर्फावर हाम्सीचे चकाकते ढीग,
तराजूमागे ओर्चुनचा बाप.
सगळी मुलं ओर्चुनकडे बघू लागली.
ओर्चुन खडूकडे.

मी म्हणणार होते, राहू दे, पुढे चला.
शिक्षकाला असं म्हणायची सवय असते.

तो वाकला. गाडीच्या चाकाभोवती,
बापाच्या रबरी बुटांभोवती,
अक्षर गिरवावं तसा सावकाश
गोल काढला त्याने, टोकाला टोक जुळेपर्यंत.
बापाने पारड्यातली मासळी ओतली, हात पुसले.
"कुणी पडलंय का इथे कधी?"
"मी," मुझेय्येन हानम म्हणाल्या, "फेब्रुवारीत.
तुम्हीच उचललंत. वर अर्धा किलो फुकट दिलंत."

बराच वेळ नुसते सीगल ओरडत राहिले.
मग त्याने दांडी धरली.
गाडी दोन हात सरकली. दोनच.
पलीकडे गटार होतं.
एक चाक अजून पट्टीवरच आहे.

आमच्याकडे पाऊस सांगून येत नाही,
रात्रीत सगळे गोल धुऊन गेले.
सकाळी ओर्चुन उशिरा आला, गुडघे पांढरे.
म्हणाला, बाबांनीच पुन्हा काढायला लावला,
गाडी कुठे लावायची नाही ते दिसावं म्हणून.

मी हजेरी घ्यायला वही उघडली.
मुलं खिडकीशी उभी होती, खाली बघत,
आमच्याच शाळेच्या दाराकडे.
तिथे चार पायऱ्या आहेत.
कुणीतरी खडू मागितला.