गाभ्याची वाळू

शिरोलीच्या फाट्यावर वडाप सोडलं तेव्हा साडेदहा वाजले होते
आणि वहीचं पहिलं पान कोरं होतं.
वर फक्त: मगदूम कास्टिंग्ज, पहिली बैठक.
खाली रेघ. रेघेखाली काही नाही.

रावसाहेब मगदुमांनी चहा सांगितला, खुर्ची पुढं ओढली,
'सगळं कॉम्प्युटरवर आणायचं बघा मॅडम.'
सगळं म्हणजे?
'सगळं म्हणजे सगळंच की.'
हजेरी, पगार, भंगाराची खरेदी, जीएसटी,
ट्रकवाल्यांचं भाडं, पुण्याच्या पार्टीची थकबाकी,
आणि जमलंच तर मेव्हण्याच्या दूध संस्थेचं फॅटचं गणित,
'ते काय, एका बटणाचं काम.'

मी लिहीत गेले.
पान भरलं, मागचं भरलं,
समासात मंडळाची वर्गणी येऊन बसली.
राजारामपुरीतल्या माझ्या दोन खोल्यांतून
असली तीन 'सगळं' याआधी बाहेर पडलीत.
एकात तर अजून कुणी शिरलेलंसुद्धा नाही.

कोपऱ्यातल्या टेबलावर दिलशाद मुजावर.
पुढ्यात लांबडी वही, तीन रंगांची पेनं.
तडकलेला माल लाल, भोकं पडलेला निळा.
आणि हिरवा?
'हिरवा म्हणजे कशानं वाया गेला, कुणाला ठाव नाही.'
मी पानं उलटली.
हिरवंगार. आडसाली उसासारखं, बांधापासून बांधापर्यंत.

'ही वही वाचतं कोण?'
तिनं पेनाला टोपण लावलं.
'भरली की मी दुसरी आणते.'

दुपारी पॅटर्न शॉपमध्ये हिंदुराव सुतार
पंपाच्या बॉडीचं लाकूड घासत होते.
मापापेक्षा मोठं का, विचारलं.
'बीड निवताना आकसतंय. शंभराला एक जास्त धरायचं.
आकसत न्हाई असं काय असतंय ओ?'
मग वाळूचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला,
गोगलगायीसारखा वळलेला, करपट वासाचा.
'ह्यो गाभा. लोखंड ह्याच्या भवतीनं फिरतंय,
आन् शेवटाला ह्याला फोडून काढायचं.
जिथनं पाणी जाणार ती जागा आधी वाळूनं बनवावी लागती.
भरीव पंप घेऊन काय डोंबल करायचंय?'

नखात वाळू घेऊनच मी ऑफिसात परत आले.
भरलेलं पान फाडलं नाही.
नवीन घेतलं, आणि अक्षर नीट काढत लिहिलं:
हे करणार नाही.
हजेरी नाही. पगार नाही. भंगार नाही.
दूध तर नाहीच.
एकेक 'नाही' दाबून बसवला, वाळू ठासतात तसा.
त्यांच्या भोवतीनं जेवढी फट उरली
तेवढ्यात एकच वाक्य ओतता आलं:
सकाळच्या ओतकामात काय बिघडलं
ते रात्रपाळीची भट्टी तापायच्या आत कळावं.

मुदतीपुढं तीन महिने लिहिलं होतं.
हळूच चार केले.
आकसणी.

रावसाहेबांनी चष्मा लावला.
'एवढंच?'
एवढंच.
'ह्या एवढ्याचं एवढं पैसं?'
मी काही बोलले नाही. बोलले असते
तर वर्गणीचं कलम परत आत आलं असतं.

बराच वेळ त्यांचा अंगठा 'पगार नाही'वर होता.
बाहेर कुणीतरी गाभे फोडत होतं, ठण्, ठण्,
आणि पोकळ होत जाणाऱ्या लोखंडाचा आवाज
दर ठोक्याला थोडा बदलत होता.

'मुजावर,' ते म्हणाले, 'ती वही आणा हिकडं.'

तिनं आणली. टेबलावर ठेवून हात काढून घ्यायला
जरा उशीर केला.
त्यांनी मधलंच पान उघडलं,
खालपर्यंत बघितलं, परत वर आले.

'हे हिरवं कशाला?'

दिलशादनं पेनाचं टोपण काढलं.