देबेर

सारुमाच्या चढावर माझं दुकान.
दुपारी शेजारून कॉफी भाजल्याचा वास येतो
आणि त्याच्या मागोमाग नायेली, शाळेतून,
मोजे घोट्यापर्यंत घसरलेले.

आमच्याकडे गृहपाठाला देबेरेस म्हणतात.
म्हणजे कर्तव्यं. म्हणजे, खरं तर, देणी.
वही संपली होती तिची,
म्हणून उधारीची वही उलटी करून दिली.
शेवटी एर असलेलं एखादं नियमित क्रियापद,
वर्तमानकाळ, सगळे पुरुष.
पुढची पानं चाळून तिनं तेच उचललं
जे ओळीओळीला होतं.

देबो. मी देणं लागते.
"मी" वेगळं लिहायचं नसतं म्हणे,
शेवटच्या ओमध्ये आपण आधीच बसलेलो असतो.
असेल. माचालाचा घाऊकवाला फोन करतो
तेव्हा मलाही नाव सांगावं लागत नाही.

देबेस हे तोंडावर म्हणायचं रूप.
मी अजून वापरलेलं नाही.
तार्हेलियाचा नवरा बोगद्यातून वर आला नाही
त्या आठवड्यात ती मेणबत्त्या न्यायला आली,
वहीत तिच्या नावावर एकोणीस डॉलर.
मी विचारलं, "आणखी काही लागेल?"

आणि देबे: तो, ती,
शिवाय मान द्यायचा त्या माणसालाही हेच.
म्हणजे समोरच्याला आदरानं जरा लांब,
तिऱ्हाइतांच्या रांगेत उभं करायचं.
डॉन रोसेंदो तिथेच उभे असतात,
टोपी हातात, सार्डिनच्या डब्याकडे न बघता.

देबेमोसपाशी ती पेन्सिल चावत थांबली.
"आई, आपण कुणाचं लागतो?"
डोंगराचं, मी म्हटलं.
माझ्या लहानपणीची गल्ली एका रात्रीत आत गेली,
खालून सगळं पोखरलेलं.
डोंगर हप्ते मागत नाही.
तिनं हे लिहून घेतलं नाही. परीक्षेला नव्हतं.

पुढची ओळ तिनं रिकामी सोडली.
देबेइस, तुम्ही सगळे:
इथे कुणी बोलत नाही, फक्त स्पेनमध्ये चालतं.
मला हसू आलं.
सोन्याची गलबतं तिकडेच गेली ना?
ज्यांना म्हणायचं
नेमकं त्यांच्यासाठीचं रूप आम्ही जिभेवरून उतरवून ठेवलंय.
"लिही," म्हटलं, "लागतं कधी."

देबेन. ते. म्हणजे वहीची पुढची बाजू सगळी.

"बघ, देब कुठेच बदललं नाही," ती म्हणाली,
"नुसतं शेपूट हलतं. म्हणून नियमित."
नियमित असं एकच गिऱ्हाईक होतं माझं, लौतारो,
दर शनिवारी चुकतं करायचा.
लोहाला गेला, मुलीकडे.

सकाळी घाईत तिनं पान टर्रकन फाडून नेलं.
दुपारी लक्षात आलं, पाठीमागे रोसेंदोंचा हिशोब होता.

पान परत आलं.
देबेइसच्या इवर भलतीच रेघ,
म्हणून अर्धा गुण कापलेला.
बाईंनी दुसरी बाजूही तपासली होती,
लाल शाईनं:
तांदळाचं शेवटचं अक्षर,
साखरेच्या मधलं, जे मी वीस वर्षं चुकतेय,
सार्डिनला गोल.

आकड्यांना हात लावलेला नव्हता.
बेरीज मात्र बरोबर असल्याची
खाली एक बारीक खूण.