विरजण

पाण्याच्या टाकीमागच्या टेकाडावर
रेंजच्या दोन काड्या मिळतात.
वारा नसेल तर तीन.
नारीनच्या खोऱ्यात वारा नाही असं होत नाही.

गाई परतायच्या वेळेला मी तिथं उभी असते,
कानाला फोन, काखेत हजेरीपट,
आणि खालून घोड्यावरून जाणारे म्हातारे म्हणतात,
तोप्चुगुल मास्तरीण पुन्हा प्रेमात पडली वाटतं.

पडलेही असते, वह्या तपासून झाल्या असत्या तर.

एकोणीस शाळा आहोत आम्ही,
तीन खिंडींच्या अल्याड-पल्याड.
कुणाकडं चाळीस मुलं, माझ्याकडं अकरा,
चार इयत्ता, एक शेगडी,
आणि उजव्या कोपऱ्यात खडू न धरणारा फळा.

अपूर्णांक मी बुर्माकानकडून उसने आणले.
तिच्याकडं नमद्याचे तुकडे होते,
सतरंज्या शिवून उरलेले. लाल अर्धा, निळा पाव.
शिवलं की बेरीज, म्हणाली, उसवलं की वजाबाकी.
बेरीज माझ्या वर्गात झकास झाली.
उसवायला मात्र कुणी तयार होईना.
घातलेला टाका आम्ही उसवत नाही, एजे,
सात वर्षांच्या झिबेकनं मला बजावलं,
हात पाठीमागं लपवून.

मग मी भाकरी आणली, गोल, कडेला जाड.
वजाबाकी मुलांच्या पोटात गेली.
तेवढंच वाऱ्यात उभं राहून सांगितलं,
अर्धं ऐकू गेलं असेल, पाठवून दिलं.

एप्रिलमध्ये पल्याडच्या एका शाळेतून
कुणा नव्या मुलीचा निरोप आला.
आवाजात अजून कॉलेजचा उत्साह.
तिच्याकडं भाकरी पुरत नव्हती, म्हणून तिनं गोवऱ्या घेतल्या.
सकाळी शेगडीशेजारी बारा रचायच्या,
दर तासाला विचारायचं, किती जळल्या, किती उरल्या,
बाराचा कितवा हिस्सा आता ऊब झाला?
तुम्हीपण करून बघा एजे, एवढं सोपं आहे!
मी सगळं ऐकून घेतलं.
हे माझं होतं, असं जिभेवर आलं होतं,
पण माझंही कुठं होतं ते?
शेजारणीकडून वाटीभर विरजण आणावं
आणि सकाळी आयरानला
आपल्याच मडक्याचा वास यावा, तसं.
दिल्यानं वाढतं, असं आमच्या भिंतीवर रंगवलेलं आहे.
दिल्यानं ते ओळखू येईनासं होतं
हे रंगवायला बहुधा जागा उरली नसेल.

बेकतेनचं मी रात्री विचारलं. अकरा वाजले असतील.
बाप कझानला कामावर गेल्यापासून
हा मुलगा एक शब्द बोलत नाही. काय करू?

चौदा उत्तरं आली.
चित्रं काढायला लावा. गाणी म्हणवून घ्या. नारीनला डॉक्टर आहे, दर मंगळवारी.
एकीनं तक्ताच पाठवला, सहा रकाने, प्रत्येकात बरोबरची खूण.
शाळेची घंटा त्याच्या हातात द्या, असंही कुणीतरी लिहिलं होतं.

सव्वा वाजता सागिनबाय गुरुजी आले.
शेवटची शाळा त्यांची, निवृत्तीला दोन वर्षं,
निरोप कायम खोकल्यानं सुरू होणारा.
माझ्याकडंही होता एक, म्हणाले.
सत्त्याण्णव साली.
मला नाही जमलं.
पुढं अकरा सेकंद नुसता वारा.
फोन बंद करायचं विसरले असतील.
किंवा नसतीलही विसरले.

तक्ता मी पुसला. तो वारा ठेवलाय.
झोप येईना तेव्हा ऐकते,
त्यांच्या टेकाडावरचा वारा आमच्यापेक्षा जाड आहे,
मध्येच कुठंतरी कुत्रं भुंकतं.

घंटा आता बेकतेन देतो.
रोज दहा मिनिटं आधी.
मुलं दप्तरं उचलतात, मी खडू ठेवते.
त्याला अजून कुणी काही म्हणालेलं नाही.