लॉगबुक

महिनाअखेरीला एचआरचा पोरगा सहा वह्या आणून ठेवतो
माझ्या लेथच्या ट्रेवर, तेलाच्या डागाशेजारी.
"खैरनार काका, तेवढ्या सह्या."
तेवढ्या म्हणजे किती, मी विचारत नाही.

हेमराज भोये. सुरगाण्याकडचा. आयटीआय, टर्नर, पहिला वर्ग.
वहीत त्याच्याच सुबक अक्षरात :
प्लेन टर्निंग, एकशेवीस तास.
टेपर, चाळीस.
आटे पाडणे, साठ.
अक्षर इतकं नेमकं
की खोटं वाटत नाही.

वहीबाहेर
सकाळी साडेसहाला तो झाडू घेतो.
निळसर, जळका, बोटं कापणारा लोखंडाचा कीस
पत्र्याच्या डब्यात भरतो,
डबा मागच्या शेडपर्यंत ओढत नेतो.
दुपारी पुठ्ठ्याची खोकी, चिकटपट्टी, ट्रक.
अकरा महिने.
हातात पडतं त्यात अंबडच्या खोलीचा चौथा हिस्सा,
मेसचा डबा,
आणि गावी पाठवायला जे उरत नाही ते.
हेच काम करायला आधी एक कंत्राटी माणूस होता.
त्याला दुप्पट मिळायचे.
म्हणून तर तो आता नाही.

साहेबांकडे एकदा विषय काढला.
म्हणाले, "काका, तुम्हीही असेच शिकलात ना?"

शिकलो. खरंय.
सातपूरला, चौऱ्याऐंशी साली.
इब्राहिम उस्तादांनी सहा महिने नुसती कानस चालवायला लावली.
रात्री पोळीचा तुकडा मोडवत नसे.
पण रोज भोंग्याआधी ते माझा चौकोन उजेडाकडे धरत,
गुण्या लावत,
फटीतून प्रकाश दिसला की म्हणत, "उद्या पुन्हा."
माझ्यावर एक अख्खा माणूस खर्च होत होता.
हे साहेबांना सांगायला गेलो
तर जीभ बोथट कानशीसारखी नुसती घासत राहिली.

गेल्या गुरुवारी हेमराज झाडता झाडता थांबला.
"काका, टूल बसलंय. आवाज बघा."
बघितलं. बसलं होतं.
माझ्या चाळीस वर्षांच्या कानाआधी
झाडू धरलेल्या माणसाला कळलं.
त्या कानाचे तास कुठल्या रकान्यात लिहू?
आणि लिहिले, तर साहेब म्हणणारच :
बघा, शिकतोय की.

मग दुसऱ्या पाळीत, सुपरवायझर चहाला गेल्यावर,
भंगारातला एक तुकडा चकमध्ये धरून दिला.
"लाव हात."
हँडव्हीलवर हात थरथरला, मग बसला.
कीस निघाला, लांब, न तुटणारा,
पहिल्यांदा त्याचा स्वतःचा.
व्हर्नियर लावला. पाव मिलिमीटर जास्त खाल्लं होतं.
रिजेक्ट.
तो पांढरा पडला. मला हसू आलं.
अरे, ज्याला बिघडवायला काही देतच नाहीत
त्याला शिकवतायत असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

नंतर कीस त्यानेच झाडला.
मला खटकलं. त्याला नाही.
याचंच जास्त वाईट वाटलं.

आज वही पुढ्यात. एकशेवीस तासांपाशी पेन अडलं.
सही नाही केली तर प्रमाणपत्र त्याचं अडणार.
माझं काय, मार्चमध्ये शाल-श्रीफळ.
केल्या. सहाही वह्यांवर.
फक्त त्याच्या शेवटच्या ओळीखाली
माझ्या गिचमिड अक्षरात एक ओळ वाढवली :
टर्निंग, अर्धा तास. प्रत्यक्ष.

एचआरच्या पोराने वह्या चाळल्या, तिथे थांबला.
"हे काय काका? खोडू?"
त्याच्या गळ्यातली पट्टी मी पहिल्यांदाच नीट वाचली.
नावाखाली बारीक छापलंय : शिकाऊ.
"तुला रे काय शिकवतात इथे?"

वह्या छातीशी धरून तो जरा वेळ उभा राहिला.
"सह्या आणायला," म्हणाला.