उपस

रात्री सरोवरावर दिवे सोडतात,
ते तुम्ही पाहिलं नसेल.
लाकडाच्या तराफ्यावर एकेक कंदील.
ओमेना उजेडाला भुलते, बोटभर लांबीची चांदी,
आणि आम्ही उजेडापासून लांब, अंधारात,
जाळं मांडीवर घेऊन गप्प.
किनाऱ्यावर बाया म्हणायच्या, पाण्यात गाव वसलंय.

मी तेव्हा बारा वर्षांचा.
होडी पेरेसबाईची, जाळंही तिचंच,
त्याचे निम्मे पैसे अजून फिटायचे होते.
मागाक सुकाणूला, ओबुया वल्ह्याला,
माझ्याकडे तोंड कापलेला पिवळा कॅन.
होडी नवी असो, जुनी असो, झिरपतेच.
सरोवराचं पाणी सरोवराला परत द्यायचं,
एवढंच माझं काम.

त्या रात्री आधी चिलटं गेली.
मग वास आला, ओल्या लोखंडाचा.
आणि युगांडाच्या बाजूचे दिवे,
कुणी फुंकर मारत चालत यावं,
तसे एका कडेनं विझत आले.
मागाक उभा राहिला. म्हणाला, "जाळं ओढा."
लगेच म्हणाला, "नको. नाळीला बांधा, सोडून द्या पाण्यात,
तेच धरून ठेवील आपलं तोंड वाऱ्याकडे."
"पेरेसबाई जीव घेईल," ओबुया ओरडला.
"घेऊ दे. तिच्यापर्यंत पोचू तर आधी."

पुढचं मला ओळीनं आठवत नाही.
लाट येते म्हणतात. लाट येत नाही.
होडीखालचं पाणी निघून जातं
आणि तुम्ही पडत राहता,
पडता पडता आईचं नाव अर्धं होतं तोंडात,
मग पाणी परत येतं, खालून, दगडासारखं.

"उपस," मागाक म्हणाला.
मी उपसत होतो.
एक कॅन बाहेर, दोन कॅन आत.
रात्रीची कमाई पायांत वळवळत होती,
पाण्याबरोबर तीही चालली परत.

आणि हाक आली.
डावीकडून. फार लांबून नाही.
"मागाक!"
ओपिचेचा आवाज.
संध्याकाळी त्यानंच आम्हाला काडेपेटी दिली होती,
आणि म्हणाला होता, उद्या परत कर, भरलेली.
"मागाक! ए मागाक!"
ओबुयानं वल्हं वळवलं. अर्धंच.
वीज झाली तेव्हा दिसलं,
मागाकनं त्याचं मनगट धरलं होतं.
"वारा आहे," तो म्हणाला.
ओबुयाला नाही. मला.
"उपस."

हाक चार वेळा आली.
पाचवी आली की नाही, सांगता येणार नाही.
मी कॅन होडीच्या काठावर आपटत होतो,
गरज नसताना,
जोरात.

सकाळी सरोवर सारवलेल्या अंगणासारखं सपाट.
जलपर्णीचं एक बेट काठाला लागलेलं,
त्यात कुणाची तरी निळी चप्पल, डाव्या पायाची.
पेरेसबाई गुडघाभर पाण्यात आली,
चिंध्या झालेलं जाळं पाहिलं, आम्हाला पाहिलं,
आणि हिशेबाची वही कमरेलाच राहू दिली.
ओपिचे तिसऱ्या दिवशी सापडला.
त्याचा खड्डा मागाकनं एकट्यानं खणला.
फावडं मागितलं, तर कुणाला देईना.

आता कॅनमधून माझी बायको कोंबड्यांना दाणे घालते.
मागाक फार थकला होता शेवटी,
माणसं ओळखायचा, दिवस नाही.
मी पेज घेऊन जायचो.
मी कधी विचारलं नाही.
एके दिवशी त्यानंच विचारलं,
"तुला ऐकू आलं होतं?"

बाहेर पत्र्यावर पाऊस लागला होता,
माझं मनगट आपोआप वळत होतं.
म्हणालो, "वारा होता."

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.
"लबाड," म्हणाला,
आणि रिकामी वाटी पुढे केली.