तुरळक ठिकाणी

सोसायटीच्या ऑफिसबाहेर फळा आहे.
बर्फाचा भाव, डिझेलचा भाव, भरती-ओहोटीच्या वेळा,
आणि खाली वीतभर जागा हवामानाला.
ती मी भरते. त्याचा पगार वेगळा नाही.

या आठवड्यात वीत पुरत नाहीये.
'ठाणे जिल्हा, सोमवार ते शनिवार.
आकाश अंशतः ते सामान्यतः ढगाळ.
तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह
हलक्या पावसाची शक्यता.'
'शक्यता'पाशी खडू मोडला.
पाडवा होऊन आठ दिवस झाले,
गुढीचा बांबू अजून आमच्या दाराशी टेकलेला.

फशीबायनं डोक्यावरची पाटी उतरवली.
"कुठं हाय गो ता तुरलक ठिकान?
बेलापुरान का वाशीला?"
काय सांगू तिला.
जिल्हा म्हणजे कसाऱ्याच्या घाटापासून
आमच्या दिवाळ्याच्या जेटीपर्यंत पसरलेलं कापड.
त्यावर कुठेही चार थेंब पडले
तरी अंदाज खरा.
तिचा जवला मात्र एकाच जाळ्यावर,
एकाच जागी, देवळामागं.

सोमवारी असं ऊन पडलं की फळ्याचीच लाज वाटली.
जवला दुपारपर्यंत कुरकुरीत.
येता-जाता बायका फळ्याकडे बघून
तोंडाला पदर लावत होत्या.
मंगळवारी वारा फिरला, दक्षिणेचा झाला,
खाडीचा वास गल्लीत शिरला आणि बसून राहिला.
वाशीच्या बाजारातून भावाचा फोन,
आंब्याच्या पेट्यांवर ताडपत्री टाकतोय,
आढ्या डागाचं निमित्त आत्तापासूनच काढायला लागलाय.
बुधवारचं काही आठवत नाही.
ढग होते. डोकं दुखत होतं.

गुरुवारी जिल्ह्याला पिवळा इशारा.
पोशाराम फळ्यासमोर उभा राहून हसला,
"आमचे हलदीचा कोनी कलवला यांना?"
त्याच्या दमयंतीची हळद त्याच संध्याकाळी.
साडेआठला पारसिकच्या डोंगरावर वीज चमकली,
बेंजोवाल्यानं आधी वायर काढली, मग काठी खाली ठेवली.
अकरा मिनिटं. मी मोजली, मला सवय आहे.
मांडवाच्या कापडाला पोट सुटलं,
पोरांनी वल्ह्यानं ते खालून ढोसलं,
आणि धबकन सगळं पाणी मामांच्या अंगावर.
पिवळे ओघळ पायऱ्यांवरून गटारापर्यंत.
दमयंती पाटावरच बसून होती,
हसून हसून तिला उचकी लागली.
मी मनात लिहून ठेवलं,
तुरळक ठिकाण: पोशारामचं अंगण.

हे इथेच संपायला हवं होतं.

शनिवारी पहाटे चारला आईनं हलवलं.
काही बोलली नाही, नुसती खिडकीकडे मान.
पत्र्यावर एक थेंब. बऱ्याच वेळानं दुसरा.
बाहेर आलो तर अख्खी गल्ली अनवाणी,
मोबाइलचे उजेड जमिनीवर वाकलेले,
जो तो हाताला येईल ते जाळं गोळा करत होता.
माझ्या हातात प्लॅस्टिकचं एक टोक आलं,
दुसरं कोणाकडे होतं दिसत नव्हतं,
खालचा माल कोणाचा तेही ठाऊक नव्हतं.
आम्ही तसेच धरून उभे होतो.
पलीकडे चिखलात रोहित पक्षी
अंधारात काहीतरी पुटपुटत होते.
परत जायचे दिवस आले तरी ते गेलेले नाहीत.
फशीबायच्या जाळ्याला आम्ही पोहोचलो
तेव्हा ते उचलायला चौघी लागल्या.
कोरडं ती एकटी उचलते.
"कुजल आता," ती म्हणाली, एवढंच,
आणि पदरानं माझं डोकं पुसलं.

आठला ऑफिस उघडलं.
बुलेटिन आलं होतं.
गेल्या चोवीस तासांतला पाऊस: नगण्य.

खडू हातात घेतला.
बर्फाचा भाव लिहिला, डिझेलचा लिहिला,
भरती दहा वाजून पाच मिनिटांनी.
खालची वीत ओल्या फडक्यानं पुसली
आणि ती वाळायची वाट बघत बसले.
दमट हवा आहे.
वाळत नाहीये लवकर.